आटपाडीकडच्या घराभोवती कोणती झाडं लावावीत आणि पाणी कसं पुरवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ नवं घर बांधलंय. घर सोडून साधारण आठशे चौरस फूट मोकळी जागा आहे आणि स्लॅबही तेवढाच. बोअर फेब्रुवारीपर्यंत चालतं, पुढे टँकर. समोर ३०० चौरस फुटांची मेक्सिकन हिरवळ करायचा विचार आहे, चाळीसेक कुंड्या आहेत, चार फळझाडं लावायची आहेत. कमी पाण्यात तग धरणारी झाडं कोणती, आणि पाणी कसं वाचवायचं?

झाडांची नावं पुढे देतोच, पण आधी हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढं एक गणित लक्षात ठेवलं की सगळं सुटतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या पूर्व भागात उघड्या पाण्यावरून रोज साधारण ९-१० मिलिमीटरची वाफ होते. हिरवळ हिरवी ठेवायची तर त्यातलं सहा-साडेसहा मिलिमीटर तिला रोज द्यावं लागतं. ३०० चौरस फूट म्हणजे २८ चौरस मीटर, म्हणजे रोजचे १८० लिटर. महिन्याला साडेपाच हजार, म्हणजे एक अख्खा टँकर गवताला. चाळीस कुंड्यांना मेमध्ये प्रत्येकी दीड लिटर धरलं तर रोजचे ६० लिटर. आता दुसरी बाजू बघा. जमिनीत लावलेली सहा झाडं, प्रत्येकाला सहा दिवसांनी १५ लिटर, आणि डझनभर झुडपं, प्रत्येकाला पाच दिवसांनी ५ लिटर. सगळं मिळून रोजचे २७ लिटर. बाग तहानलेली नसते, हिरवळ आणि कुंड्या तहानलेल्या असतात. म्हणून पहिला सल्ला, हिरवळ करू नका. अंगणात हिरवं हवंच असेल तर साधी हरळी येऊ द्या. उन्हाळ्यात ती पिवळी पडते पण मरत नाही, वळवाचा एक पाऊस झाला की आठवड्यात हिरवी होते. फक्त वाफ्यांच्या कडेला शहाबादी फरशीचे तुकडे अर्धा फूट खोल उभे गाडा, नाहीतर ती सगळीकडे घुसते. हिरवळीऐवजी पांढरी खडी पसरायची टूम निघालीय, ती घराला चिकटून तरी करू नका. खडी तापते आणि रात्री उशिरापर्यंत भिंती-खिडक्या तापवत बसते.

आता मिळकतीची बाजू. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे येईपर्यंत तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. वाईट वर्ष धरून ४०० मिलिमीटर घ्या. तुमच्या ७४ चौरस मीटर स्लॅबवरून, गळती-वाफ वजा जाता ८० टक्के हाती लागलं तरी साडेतेवीस हजार लिटर होतात. पाच हजार लिटरची टाकी भरायला ८५ मिलिमीटर पाऊस पुरतो, म्हणजे परतीच्या पावसाचे दोन-तीन चांगले दणके. टाकी काळी आणि झाकलेली हवी, नाहीतर शेवाळ धरतं आणि डास होतात. पन्हाळीच्या पाइपवर एक वळवणारी तोटी ठेवा आणि मोसमातल्या पहिल्या पावसाचं शंभर-दीडशे लिटर पाणी बाहेर सोडून द्या, स्लॅबवरची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात निघून जाते. टाकी भरल्यावर जादा पाणी गटारात सोडू नका. कुंपणाच्या आतून दहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर काढा, त्यात पालापाचोळा भरा आणि पाणी तिकडे वळवा. चर घराच्या पायापासून दहा फूट तरी दूर हवा. खाली काळी माती असेल तर ती फुगते-आकसते आणि भिंतीला भेगा पडतात.

जमीन. नव्या घराभोवती जी 'माती' दिसते ती बहुधा माती नसते. भरावाचा मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा मसाला यांचं मिश्रण असतं. मसाल्यातल्या चुन्यामुळे आधीच चुनखडीची असलेली जमीन आणखी बिघडते. झाड लावायच्या जागेवरचा राडारोडा फूटभर तरी खरवडून काढा. मग एक साधी परीक्षा करा. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी किती वेळात जिरतं ते बघा. तासाभरात गेलं तर मुरूम आहे, पाणी धरणारी माती त्यात मिसळावी लागेल. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खाली चिकण काळी किंवा कातळ आहे, तिथे झाड वरंब्यावर लावायचं.

फळझाडाचा खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्यायचा. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. कडक मुरमात गुळगुळीत भिंतींचा खड्डा काढून तो नुसत्या पोयट्याने आणि शेणखताने भरतात. पावसाळ्यात त्याची बादली होते, पाणी तुंबतं. मुळं मऊ मातीतच गोल फिरत राहतात, बाहेरच्या मुरमात शिरत नाहीत. मग तिसऱ्या वर्षी झाड अचानक वाळतं आणि दोष उन्हाळ्याला जातो. पहारीने खड्ड्याच्या चारही भिंती आणि तळ खचवून भेगा पाडा. भरताना निघालेला बारीक मुरूम निम्मा आणि चांगली माती निम्मी घ्या. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत दोन घमेली, निंबोळी पेंड एक किलो, सिंगल सुपर फॉस्फेट अर्धा किलो. पेंड वगळू नका. मुरमाड जमिनीत वाळवी पहिल्याच वर्षी कोवळी मुळं खाते. कच्चं शेणखत तर वाळवीला आमंत्रणच.

लावायची वेळ पुस्तकात जूनची सांगतात, ती पश्चिमेकडच्या तालुक्यांसाठी ठीक आहे. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण या भागात जून-जुलैमध्ये पाऊस कमी आणि वारा जास्त असतो. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. तो वारा कोवळ्या रोपाच्या पानांतलं पाणी ओढून घेतो. हाताशी पाणी असेल तर जुलैअखेर लावा, नसेल तर मघा-पूर्वा नक्षत्रांत, म्हणजे १५ ऑगस्टनंतर. उत्तरा-हस्ताचा पाऊस रोपाला मिळतो आणि हिवाळाभर मुळं खाली जातात. रोप सहा फुटी घेऊ नका. फूट-दीड फुटाचं, पिशवीच्या तळाशी मुळांची गुंडाळी न झालेलं रोप दोन वर्षांत मोठ्या रोपाच्या पुढे जातं. पिशवी फाडल्यावर मुळं गोल फिरलेली दिसली तर खालचा अर्धा इंच कापून टाका.

आता झाडं. सीताफळ या जमिनीला जन्मापासून ओळखतं. बाळानगर किंवा फुले पुरंदर ही जात घ्या. कलमं दहा-बारा फुटांवर लावली तरी चालतात. आवळा, बोर, कवठ, चिंच ही सगळी तग धरतात, पण चिंच आणि कवठ आठशे चौरस फुटांत लावू नका, वीस वर्षांनी ती घराला जागा मागतील. शेवगा पाहिजेच. पीकेएम-१ किंवा कोकण रुचिरा, बियांपासूनही येतो. मात्र तीन फुटांचा झाला की शेंडा खुडा आणि पुढेही सात-आठ फुटांच्या वर जाऊ देऊ नका. त्याचं लाकूड भेंडाचं, वाऱ्यात फांदी मोडून थेट पन्हाळीवर पडते. शेवगा दुष्काळाने मरत नाही, बुडात पाणी साठून कुजून मरतो. डाळिंब आटपाडीचं पीक, त्यामुळे दारात एखादं असावं असं वाटणारच. एकच लावा. तेल्या, म्हणजे पाना-फळांवर तेलकट डाग पाडणारा रोग, जिल्ह्यातल्या बागायतदारांना जेरीस आणतो, तो दारातल्या झाडाला सोडत नाही. शिवाय पाणी तोडून मग एकदम भरपूर दिलं की फळं तडकतात, म्हणून फळं असताना पाणी थोडं पण नेमाने द्यावं लागतं. कागदी लिंबू दुष्काळी झाड नव्हे. त्याला पाणी लागतं आणि खारं पाणी सोसत नाही. पावसाच्या टाकीचं पाणी त्याच्यासाठी राखून ठेवणार असाल तरच लावा. कढीपत्ता निर्धास्त लावा.

नारळाबद्दल वेगळं सांगायला हवं. दारात नारळ असावा ही हौस आपल्याकडे पक्की आहे. पण मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं. वर मांडलेल्या सगळ्या बागेच्या जवळजवळ दुप्पट. नको. अरेका पाम, केळ, अळू, फर्न यांनाही तोच न्याय. एक्झोरा आणि सोनचाफा तर पाणी दिलं तरी सुखी राहत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत त्यांना लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं पडतं. लोक खत वाढवतात, पाणी वाढवतात, झाड आणखी पिवळं होतं.

सावलीसाठी नैर्ऋत्येला एक कडुलिंब, भिंतीपासून पंधरा-वीस फूट तरी लांब. बहावा सुंदरच, पण तो मेमध्ये फुलतो तेव्हा त्याच्यावर पानं जवळजवळ नसतात. ऐन उन्हाळ्यात सावली हवी असेल तर बहाव्यावर विसंबू नका. फुलझाडांत कोरांटी, तगर, पारिजातक, शंकासुर, देवचाफा, बोगनवेल. बोगनवेलीला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात, जानेवारीपासून पाणी ताणलं की ती रंगते. मोगरा मधल्या गटात मोडतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडा, छाटा, मग फेब्रुवारीपासून आठवड्याला आठ-दहा लिटर द्या, मार्च-एप्रिलमध्ये भरभरून फुलेल. पश्चिमेच्या कुंपणाला वारा अडवायला अडुळसा, निर्गुडी, मेंदी दोन-दोन फुटांवर लावा. अडुळसा आणि निर्गुडी शेळ्या सहसा खात नाहीत, हा आपल्याकडे लहान फायदा नाही. कण्हेर आणि पिवळी बिट्टी दुष्काळाला दणकट आहेत, पण दोन्ही विषारी. घरात लहान मूल असेल किंवा जनावरं मोकळी फिरत असतील तर टाळा. खाली जमिनीलगत कोरफड, शतावरी, सदाफुली, चिनी गुलाब. भाज्यांत गवार (पुसा नवबहार), चवळी, घेवडा, तोंडली. मेथी-कोथिंबीर हिवाळ्यात करा, उन्हाळ्यात बाजारातून आणलेली स्वस्त पडते.

यातलं कुठलंही झाड लावल्या दिवसापासून दुष्काळी नसतं, ते तसं घडवावं लागतं. कडुलिंबालाही रोज तांब्याभर पाणी दिलंत तर तो मुळं वरच्या चार इंचांत ठेवतो, आणि तुम्ही आठ दिवस पंढरपूर-तुळजापूर करून आलात की माना टाकतो. म्हणून पाणी खोल द्या आणि जास्त दिवसांच्या अंतराने द्या. लावल्यावर पहिले पंधरा दिवस पाऊस नसेल तर दोन-तीन दिवसांनी ५ लिटर. दिवाळीनंतर दर दहा-बारा दिवसांनी १० लिटर. फेब्रुवारीत आठवड्याने १२, मार्च ते मे पाच-सहा दिवसांनी १५ लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी २५-३० लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यात कडुलिंब, बहावा, सीताफळ यांना महिन्यातून एकदा पुरतं. पाणी पोचलं का ते ८ मिलिमीटरच्या सळईने तपासा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सळई हाताने दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. दीड फूट गेली पाहिजे. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून पाणी देऊ नका, सकाळी सहाला बघा. सकाळीही मलूल असतील तरच झाड तहानलेलं आहे.

आळं खोडाला चिकटून करायचं नाही. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे बांगडीसारखा गोल चर करायचा आणि खोडाजवळ माती थोडी उंच ठेवायची. मुळांची टोकं तिथेच असतात, आणि झाड वाढेल तशी बांगडी बाहेर सरकवत न्यायची.

ठिबक जरूर करा, पण शेतातली ठिबक तशीच घराला लावली तर फसते. ४ लिटर तासाला असं लिहिलेला ड्रिपर तेवढं पाणी साधारण एक बार दाबाला देतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा फुटांवरून येतं, म्हणजे दाब ०.३ बार. तिथे तो तासाला दोन-सव्वादोन लिटरच देतो. १५ लिटर द्यायचे तर चार ड्रिपर लावून पावणेदोन तास. दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर इतक्या कमी दाबाला नीट चालत नाहीत, साधेच घ्या. बॅटरीवरचा टायमर घ्यायचा असेल तर बॉल व्हॉल्व्हचा, बाकीच्यांना उघडायलाच दाब लागतो. १६ मिलिमीटरची मुख्य नळी, सुरुवातीला जाळीचा फिल्टर, शेवटाला उघडता येणारं बूच, दर पंधरा दिवसांनी ते उघडून पाणी सोडायचं. पारदर्शक बारीक नळ्या घेऊ नका, आत शेवाळ होतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खर बसतो. ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवले की मोकळे होतात. चारही ड्रिपर खोडाजवळ नकोत, बांगडीवर चार दिशांना.

ठिबक नको असेल तर मडकं. पाच-सात लिटरचं, न रंगवलेलं, कमी भाजलेलं. गळ्यापर्यंत गाडा, वर झाकण. त्याच्या भोवती फूट-सव्वा फुटात गवारीची नाहीतर मिरचीची चार रोपं छान येतात. तीन-चार दिवसांनी भरावं लागतं. दोन वर्षांनी पाणी झिरपेनासं झालं की छिद्रं क्षारांनी बुजली असं समजा आणि मडकं बदला.

आच्छादनाशिवाय वरचं सगळं निम्मं वाया जातं. तीन-चार इंच जाड थर, खोडापासून तीन इंच मोकळे. कृष्णाकाठी उसाचं पाचट फुकट मिळतं, पलूस-कडेगावकडून कुणी येत असेल तर चार पोती मागवा. तासगावकडे शेंगांची टरफलं, सांगलीकडे हळदीचा पाला. पाचट मातीत मिसळू नका. वरच राहू द्या. मिसळलं तर कुजताना ते जमिनीतलं नत्र खातं आणि झाडं पिवळी पडतात. डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या डाळिंबाखाली पसरू नका, तेल्या घरी आणाल. थरात वाळवी लागली तर तो दोन-तीन दिवस उलथून उन्हात टाका.

सांडपाणी. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी सरळ झाडांना. आंघोळीचं पाणी शेवगा, कडुलिंब, कुंपणाला, आणि जागा आलटून पालटून. वॉशिंग मशीनच्या पहिल्या पाण्यात सोडियम फार असतं. माती घट्ट होते, पाणी जिरेनासं होतं. ते सोडून द्या, शेवटचं खळबळलेलं घ्या. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी लोक मोठ्या काळजीने कुंड्यांना घालतात. बोअरचं पाणीच खारं, त्यात हे त्याहून खारं. कुंडीच्या कडेला पांढरी पावडर आणि पानांच्या टोकांना करपा आला की समजा. ते फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी मात्र कुंड्यांना खुशाल द्या.

चाळीस कुंड्यांच्या पंधरा करा. बाकीची झाडं जमिनीत उतरवा. राहतील त्या बारा इंचांपेक्षा मोठ्या, एकमेकींना चिकटून, पूर्वेच्या भिंतीला, मार्च ते जून वर ५० टक्क्यांची शेडनेट. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला पांढरा रंग द्या. कोकोपीट एक चतुर्थांशाच्या वर नको, आणि वापरण्याआधी दोनदा धुवा, त्यात मीठ असतं. कुंडीतली माती कडेने सुटली असेल तर वरून ओतलेलं पाणी फटीतून खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी वीस मिनिटं बादलीत बुडवून ठेवा. पाणी धरून ठेवणारे जेलचे दाणे हल्ली खपवतात. आपल्या जड पाण्यात ते जाहिरातीतल्या इतके फुगतच नाहीत, पैसे शेणखतात घाला.

मेमध्ये टँकर चुकला आणि पाणी निम्मंच असलं तर कोणाचं तोडायचं हे आधीच ठरवून ठेवा. आधी भाज्यांचं, मग हंगामी फुलांचं, मग कुंपणाचं. पहिल्या वर्षाची रोपं आणि लिंबू शेवटपर्यंत सांभाळायची. तिसऱ्या वर्षापुढचं सीताफळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून बसतं, ते मेलं म्हणून घाबरून त्याला पाणी ओतू नका. फांदीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर वळवाची वाट बघायची.